साठी बुद्धी नाठी म्हणण्यापूर्वी

"साठी बुद्धी नाठी" ही म्हण आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. म्हातारे माणूस एखादे नाव विसरले, तेच तेच पुन्हा विचारू लागले किंवा रात्री उठून असंबद्ध बोलू लागले, की घरातील कोणीतरी हसून म्हणते, "म्हातारचळ लागला आहे, लक्ष देऊ नका." या हसण्यात दुष्टपणा नसतो, अज्ञान असते. परंतु या अज्ञानापायी बरा होण्यासारखा माणूस कधी कधी हातचा जातो. म्हणून हा लेखनप्रपंच.

म्हातारचळ या एकाच शब्दाखाली दोन अगदी निरनिराळे आजार झाकले जातात. एक हळूहळू, महिन्या-वर्षांनी वाढत येतो आणि बहुधा परत जात नाही. त्याला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. मराठीत त्यास स्मृतिभ्रंश हा शब्द रूढ आहे. दुसरा आजार काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत अचानक येतो. मूळ कारण सापडून उपचार झाले तर तो बहुतेक वेळा उतरतो, आणि दुर्लक्ष झाले तर प्राणावर बेततो. त्याचे नाव डिलिरियम. आपली जुनी माणसे "वात झाला", "तापात बरळतो" असे म्हणत, ते पुष्कळदा यालाच. या लेखात आम्ही त्याला 'भ्रम' म्हणू.

आम्ही डॉक्टर नाही. कलाशाखेची पदवी घेऊन बँकेत कारकुनी करणारे सामान्य माणूस आहोत. तथापि घरात घडलेल्या एका प्रसंगाने आम्हाला हा विषय शिकावा लागला. तो प्रसंग आधी सांगतो.

आमच्या घरची गोष्ट

सन २०१६ चा मे महिना. आमची आई गावाहून आमच्याकडे मुंबईला आली होती. वय त्र्याहत्तर. स्मरणशक्ती अशी, की वाडीतील कोणाचे लग्न कोणत्या साली झाले आणि विहाराच्या बांधकामाला कोणी किती वर्गणी दिली, हे तिला तोंडपाठ. उन्हाळ्यामुळे तिचे जेवण कमी झाले होते. रात्री उठावे लागू नये म्हणून ती पाणीही बेताचेच पीत असे.

एका सोमवारी संध्याकाळी तिने आम्हाला आमच्या दिवंगत काकांच्या नावाने हाक मारली. "चल लवकर, गाडी चुकेल," असे ती म्हणू लागली. मग अंथरुणावरून काहीतरी वेचू लागली. विचारले तर म्हणाली, "मुंग्या आहेत." रात्रभर ती जागी राहिली. सकाळी मात्र तिने नीट चहा घेतला, नातवाची चौकशी केली. आम्हाला वाटले, गेले संकट. दुपारी ती गुंगीत पडून राहिली आणि संध्याकाळी पुन्हा तेच सुरू झाले.

शेजारचे म्हणाले, म्हातारचळ. एका नातेवाइकाने "बाहेरचे असेल" म्हणून एका देवर्षीचा पत्ता दिला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे बोलले जावे याचे आम्हाला वाईट वाटले. ज्या डॉक्टरांकडे प्रथम नेले त्यांनी गर्दीच्या वेळी दोन मिनिटे पाहिले, "वय झाले की असे व्हायचेच," असे म्हणून झोपेची गोळी दिली. गोळीने ती अधिकच बरळू लागली. आणि खरे सांगायचे तर आम्हीही तिच्यावर ओरडलो, "आई, असे काय करतेस?"

तिसऱ्या दिवशी रुग्णालयात नेले. तेथील एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "आजी आठवड्यापूर्वी कशा होत्या?" तोपर्यंत हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता, आणि आम्हीही कोणाला आपणहून सांगितले नव्हते. लघवी आणि रक्त तपासले. लघवीत जंतुसंसर्ग, अंगात पाणी कमी, रक्तातील सोडियम उतरलेले. उपचार सुरू झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी ती आम्हाला आमच्या नावाने हाक मारू लागली. पूर्ववत होण्यास पंधरवडा लागला.

डिमेन्शिया म्हणजे काय

डिमेन्शियात मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होत जातात. त्याचे सर्वांत अधिक आढळणारे कारण म्हणजे अल्झायमरचा आजार. जर्मनीतील डॉ. अलोइस अल्झायमर यांनी सन १९०६ मध्ये या आजाराच्या ज्या पहिल्या रुग्णाची हकीकत मांडली, ती बाई रुग्णालयात दाखल झाली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. मेंदूच्या रक्तपुरवठ्यात वारंवार अडथळे आल्यानेही डिमेन्शिया होतो. म्हणूनच रक्तदाब आणि मधुमेह आटोक्यात ठेवणे हा मेंदू सांभाळण्याचाही मार्ग आहे.

हा वयाचा स्वाभाविक परिणाम नव्हे, आजार आहे. भारतातील वृद्धांच्या पाहणीवर आधारित, सन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना, डिमेन्शिया आहे. ८८ लाख हा आकडा लहान नाही. परंतु त्याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा. साठीनंतर शंभरातील नव्वदांहून अधिक लोकांची बुद्धी नाठी झालेली नसते. म्हण खोटी आहे!

भ्रम का होतो

मेंदूला अखंड प्राणवायू, साखर, पाणी आणि क्षारांचा योग्य समतोल लागतो. शरीरात कोठेही मोठी गडबड झाली की त्याचा ताण मेंदूवर येतो. मग वीस वर्षांच्या मुलाला न्यूमोनिया झाला तरी तो बहुधा शुद्धीत बोलतो, आणि आजीला साधा लघवीचा संसर्ग झाला तरी ती का बरळते? आमच्या धंद्यातील भाषेत सांगायचे तर खात्यात शिल्लक भरपूर असेल तर मोठा चेकही वटतो. शिल्लक कमी असेल तर लहान चेकही परत येतो. वय, जुने आजार, कमी दिसणे-ऐकणे, अशक्तपणा आणि आधीचा डिमेन्शिया यांनी मेंदूची शिल्लक घटलेली असते.

भ्रमाची नेहमीची कारणे अशी : लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, अंगातील पाणी कमी होणे, सोडियम किंवा साखर उतरणे, मूत्रपिंड वा यकृताचा बिघाड, प्राणवायू कमी पडणे, शस्त्रक्रिया, विशेषतः खुब्याचे हाड मोडल्यानंतरची, तीव्र वेदना, लघवी तुंबणे, एवढेच काय, कित्येक दिवसांचे बद्धकोष्ठही.

औषधे हे एक मोठे कारण आहे. झोपेच्या गोळ्या, सर्दीवरच्या गुंगी आणणाऱ्या काही गोळ्या आणि तीव्र वेदनाशामके यांनी वृद्धांना भ्रम होऊ शकतो. दुकानातून परस्पर आणलेली गोळीही त्यात आली. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण चुकले तर साखर उतरून माणूस क्षणात वेड्यासारखा वागू लागतो. अशा वेळी प्रथम साखर तपासावी. माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल तरच तोंडाने साखरपाणी द्यावे.

आणखी एक कारण उघड बोलले पाहिजे, ते दारूचे. रोज पिणारा माणूस पाय मोडून रुग्णालयात पडला की त्याची दारू अचानक बंद होते. दोन-तीन दिवसांनी हातपाय थरथरतात, घाम फुटतो, भिंतीवर किडे दिसू लागतात. हाही भ्रमच, आणि तो जीवघेणा ठरू शकतो. अब्रूपायी घरचे लोक डॉक्टरांपासून व्यसन लपवतात आणि उपचारास उशीर होतो. डॉक्टरांपुढे अब्रू राखण्यापेक्षा माणूस राखावा.

फरक कसा ओळखावा

१. सुरुवात. डिमेन्शिया केव्हा सुरू झाला हे घरच्यांना नेमके सांगता येत नाही. "दोन-तीन वर्षांपासून विसरतात," एवढेच सांगतात. भ्रमाचा मात्र वार सांगता येतो. "सोमवारी संध्याकाळपासून" असे उत्तर आले की ते भ्रमाचे समजावे.

२. चढउतार. डिमेन्शियाचा रुग्ण आज जसा आहे तसाच बहुधा उद्याही असतो. भ्रमात सकाळी शहाणपण, संध्याकाळी गोंधळ, मध्यरात्री आरडाओरड असा खेळ चालतो. येथेच आम्ही फसलो. सकाळी आईने चहा घेतला म्हणून आम्ही एक दिवस घालवला. अधूनमधून बरे वाटणे ही आजार गेल्याची खूण नव्हे, भ्रमाचीच खूण आहे.

३. लक्ष. हा सर्वांत महत्त्वाचा भेद. सुरुवातीच्या डिमेन्शियात आठवण जाते, पण समोरच्या बोलण्याकडे लक्ष असते. भ्रमात लक्षच ठरत नाही. प्रश्न विचारावा तर अर्ध्यावर नजर दुसरीकडे जाते. साधी परीक्षा म्हणून आठवड्याचे वार उलटे म्हणण्यास सांगावे : रविवार, शनिवार, शुक्रवार... एरवी हे सहज जमणारा माणूस दोन वारांनंतर धागा हरवत असेल तर सावध व्हावे. येथे एक सूचना. त्रिशरण-पंचशील म्हणायला लावून परीक्षा घेऊ नये. जन्मभर म्हटलेले पाठांतर खोल रुजलेले असते. दुपारी जेवलो की नाही हे न आठवणारी डिमेन्शियाची आजीही सर्वांबरोबर सुरात वंदना म्हणू शकते.

४. जागेपण. डिमेन्शियाचा रुग्ण बराच काळपर्यंत टक्क जागा, सावध असतो. भ्रमाचा रुग्ण एकतर गुंगीत असतो किंवा अति बेचैन, आणि दिवस-रात्र उलटे झालेले असतात.

५. भास. नसलेले किडे, माणसे दिसणे, अंथरूण वेचणे, सलाईनची नळी ओढणे हे भ्रमात पुष्कळदा दिसते. डिमेन्शियात भास होतात ते बहुधा आजार वाढल्यावर.

रुग्णालयांसाठी अशी पद्धतशीर चाचणी सन १९९० मध्ये अमेरिकेतील डॉ. शॅरॉन इनूय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. तिचे सूत्र असे : अचानक सुरुवात व चढउतार, तसेच लक्ष न ठरणे, या दोन गोष्टी हव्यातच. शिवाय विचारांची विसंगती किंवा जागेपणातील बदल यांपैकी एक तरी हवी. हे सूत्र पाहिले तर कळेल की त्यातील पहिल्या प्रश्नाचे उत्तर यंत्र देत नाही. ते घरचा माणूसच देऊ शकतो.

गप्प भ्रम

भ्रमाचा रुग्ण ओरडतोच असे नाही. कित्येक वृद्ध उलट गप्प होतात. जेवण नको, बोलणे नको, हाक मारली तर डोळे उघडून पुन्हा मिटतात. घरचे समाधानाने म्हणतात, "आज शांत झोपल्या आहेत." हा गप्प भ्रम ओरडणाऱ्या भ्रमापेक्षा अधिक धोकादायक, कारण तो ध्यानातच येत नाही. कोणी त्याला थकवा समजते, कोणी उदासी. बोलके माणूस दोन दिवसांत अबोल झाले तर तीही तितकीच तातडीची बाब समजावी.

दोन्ही एकत्र असतील तर

कधी हे दोन्ही आजार एकाच माणसात असतात. डिमेन्शियाच्या रुग्णाला भ्रम होण्याचा धोका इतरांपेक्षा पुष्कळ अधिक. मेंदूची शिल्लक आधीच कमी! अशा घरात "त्यांचे असेच असते" म्हणून नवा बदल सोडून दिला जातो. म्हणून नियम लक्षात ठेवावा : डिमेन्शियाचा रुग्णसुद्धा दोन दिवसांत एकाएकी बिघडत नाही. बिघडला तर संसर्ग, औषध, वेदना, बद्धकोष्ठ यांचा शोध घ्यावा. तो आठवड्यापूर्वी पडला होता का हेही आठवून पाहावे. डोक्याला लागल्यावर मेंदूवर हळूहळू रक्त साचून काही दिवसांनी, आठवड्यांनीही गोंधळ सुरू होतो.

अपवादही आहेत. डिमेन्शियाच्या एका प्रकारात, ज्याला ल्युई बॉडी डिमेन्शिया म्हणतात, चढउतार आणि भास आरंभापासूनच असतात. थायरॉईडचा बिघाड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि खोल नैराश्य यांतही माणूस विसरू लागतो आणि उपचारांनी सुधारू शकतो. म्हणून अंतिम निदान डॉक्टरांचेच. आपले काम हाक वेळेवर देण्याचे.

काय करावे, काय करू नये

अचानक गोंधळ दिसला की त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. तोंड वाकडे होणे, एक हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, खूप ताप, श्वास लागणे किंवा जागे न होणे यांपैकी काही असेल तर क्षणही न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. घरातील सर्व औषधे एका पिशवीत घालून बरोबर न्यावीत. चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये आणि झोपेची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नये.

रुग्णाजवळ ओळखीचे एक माणूस सतत असावे. त्याचा चष्मा, कानाचे यंत्र, कवळी रुग्णालयात अवश्य न्यावी. घरी राहिलेल्या चष्म्यामुळे भास वाढतात. समोर घड्याळ व कॅलेंडर, दिवसा उजेड, रात्री शांतता, डॉक्टरांची मनाई नसेल तर घोट घोट पाणी आणि हात धरून चार पावले चालणे : उपाय साधे वाटतात, पण त्यांचे मोल सिद्ध झाले आहे. सन १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सत्तरी गाठलेल्या ८५२ रुग्णांची पाहणी झाली. अशी काळजी घेतलेल्यांत ९.९ टक्क्यांना भ्रम झाला, तर नेहमीच्या व्यवस्थेतील रुग्णांत १५ टक्क्यांना.

रुग्णाशी वाद घालू नये, त्याला बांधू नये, त्याच्यावर ओरडू नये. "मी तुमचा मुलगा, आपण रुग्णालयात आहोत, आज बुधवार आहे," असे शांतपणे पुन्हा पुन्हा सांगावे. देवर्षी-भगताचा तर विचारच नको. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारहाण करणे हा महाराष्ट्रात सन २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

ताप उतरला म्हणजे भ्रम लगेच जातो असेही नाही. आठवडे, क्वचित महिनेही लागतात. ज्यांना भ्रम होऊन गेला त्यांना पुढे डिमेन्शिया होण्याचा धोका वाढलेला असतो. म्हणून काही महिन्यांनी स्मरणशक्तीची तपासणी करून घ्यावी.

सही आणि अंगठा

बँकेत असल्यामुळे एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य समजतो. म्हातारे माणूस रुग्णालयात पडले की कोणी नातेवाईक पैसे काढण्याचा फॉर्म, कोणी मृत्युपत्र घेऊन उशाशी येतो. आजारपणामुळे सही करता येत नसलेल्या खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेण्याची सोय बँकांत आहे, आणि त्यांपैकी एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. पण ती सोय थकलेल्या हातासाठी आहे, हरपलेल्या भानासाठी नाही. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या १२ व्या कलमाच्या उदाहरणांतच तापाने भ्रमिष्ट झालेल्या माणसाचा उल्लेख आहे. भ्रम असेपर्यंत तो करार करू शकत नाही. मृत्युपत्राबाबतही भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ याचे ५९ वे कलम हेच सांगते, की आजारामुळे आपण काय करतो हे ज्याला कळत नाही, त्याला त्या अवस्थेत मृत्युपत्र करता येत नाही. भ्रम बहुधा उतरतो. कागदाने तोवर थांबावे. आणि डिमेन्शियाचे निदान लवकर झाले तर त्या माणसाला भान आहे तोवरच स्वतःच्या इच्छेने व्यवस्था लावता येते. दोन आजारांतील फरक कळणे हे असे व्यवहारातही उपयोगी पडते.

धम्माची शिकवण

विनयपिटकात प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात लोळत होता. तो इतरांच्या उपयोगी पडला नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले आणि दोघांनी उचलून मंचकावर निजवले. रुग्णाची सेवा हीच आपली सेवा, असे तथागतांनी त्या वेळी संघाला बजावले. तेथेच रुग्णसेवकाचे गुण सांगितले आहेत. पथ्य काय आणि अपथ्य काय हे ओळखता आले पाहिजे, हा त्यांपैकी एक. केवळ करुणा पुरत नाही, जाणही हवी.

गग्ग नावाच्या भिक्खूची हकीकत याहून थोड्यांना ठाऊक आहे. त्याचे चित्त बिघडले होते. उपोसथाचे त्याला कधी स्मरण राही, कधी राहत नसे. त्या अवस्थेत त्याच्याकडून पुष्कळ अनुचित वर्तन घडले. तो बरा झाल्यावर इतर भिक्खू त्याला दोष देऊ लागले. तो म्हणे, मला ते आठवत नाही. तरी ते थांबेनात. तेव्हा भगवंतांनी त्याच्यासाठी अमूळ्हविनय सांगितला. चित्त ठिकाणावर नसताना घडलेल्या कृत्याबद्दल, शुद्धीवर आलेल्या माणसाला दोषी धरायचे नाही.

आमची आई बरी झाल्यावर एकदा म्हणाली, "मुंग्या खरंच दिसत होत्या रे. आणि तू ओरडलास ते पण ऐकू आलं." आम्हाला उत्तर सुचले नाही. भ्रमातून उठलेल्या कित्येकांना त्या दिवसांचे तुकडे आठवतात, आणि त्यांना लाज वाटते. त्यांना ती लाज वाटू न देणे हेही शुश्रूषेतच येते.

शेवटी आपल्या संस्थेच्या सभासदांना आणि विशेषतः विद्यार्थी मित्रांना एक विनंती. आजच घरातील वडीलधाऱ्यांसाठी एका कागदावर लिहून ठेवा : कोणती औषधे चालू आहेत, कोणते आजार आहेत, चष्मा वा कानाचे यंत्र लागते का, आणि एरवी ते कसे बोलतात, काय लक्षात ठेवतात, किती फिरतात. अडचणीच्या रात्री डॉक्टर विचारतील, "आधी कसे होते?" तेव्हा तो कागद त्यांच्या हातात द्या.

नमो बुद्धाय! जय भीम!